गाळपेराची फुलपाखरे

मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांपैकी शहराच्या हद्दीत दोनच आहेत, विहार आणि तुळशी. विहार १८६० साली बांधून झाला, तुळशी १८७९ साली. त्यांचा शेजारी पवई १८९१चा. पण त्याचे पाणी पिण्यालायक राहिले नाही, म्हणून सातांच्या यादीत त्याला जागा नाही. विहार आणि पवईच्या सांडव्यांचे पाणी एकत्र येते तिथून मिठी नदी सुरू होते. विहार आणि तुळशी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आसऱ्याला राहिले, पवईला रस्ते, वसाहती, आयआयटी आणि हॉटेलांनी वेढले. डोंगर एक, पाऊस एक, पण काठ निराळे. फुलपाखरांबद्दल बोलायचे तर सगळा फरक त्या काठातच आहे.

तलावावर येणारा माणूस पाण्याकडे बघतो. मगर वर आलीय का, बगळे किती, पाणी भरले का. त्याच्या पाठीमागे आणि पायाखाली काय उगवले आहे ते त्याच्या हिशेबात ‘रान माजलंय’ एवढेच असते. मी ज्या काठाबद्दल लिहितो आहे तो फरसबंदी केलेला रस्ता नव्हे. पावसाळ्यात पाणी जिथवर चढते आणि मेमध्ये जिथवर उतरते, त्या दोन रेषांमधली ही जमीन. गावाकडे धरण-तलावाच्या अशा जमिनीत गाळपेर करतात. पाणी हटले की ओल धरून ठेवलेल्या गाळात कलिंगड, काकडी, भाजीपाला निघतो. मुंबईत तिथे कोणी काही पेरत नाही, पण म्हणून ती रिकामी राहते असे नाही.

पाण्याकडून वर येऊ लागलो तर आधी नाळीची भाजी लागते, अर्धी पाण्यात, अर्धी चिखलात. मग जमिनीला चिकटून पसरणारी जलपिंपळी आणि नीरब्राह्मी. त्यांच्यातून कमरेएवढा उभा राहिलेला, पेरापेराला लांब पिवळट काटे आणि जांभळी फुले असलेला तालीमखाना. जिथून पाणी नुकतेच हटले तिथे भुरुंडी, जिचा फुलांचा तुरा विंचवाच्या नांगीसारखा वळलेला असतो. त्याच्या वर टाकळा, घोळ, अंबुशी, तऱ्हेतऱ्हेची गवते. आणखी वर कोरड्या उतारावर रुई, बोर, एरंड. नर्सरीत जाऊन यातले एकही रोप सहसा कोणी विकत घेत नाही. पण फुलपाखरांचा संसार चालतो तो याच झाडोऱ्यावर.

फुलपाखरू फुलावर बसते म्हणून फुले लावली की फुलपाखरे येतील, असा आपला सरळ हिशेब. तो अर्धाच खरा आहे. मध पिण्याच्या बाबतीत फुलपाखरू बेफिकीर असते. देशी, परदेशी, बागेतले, उकिरड्यावरचे, कुठलेही फूल त्याला चालते. सुरवंटाचे तसे नाही. तो ठरावीक झाडाचीच पाने खातो. ते झाड मिळाले नाही तर उपाशी मरतो, पण शेजारच्या पानाला तोंड लावत नाही. कारण झाडे आपली पाने वाचवण्यासाठी त्यांत कडू, विषारी, चिकट रसायने भरतात. एका झाडाचे विष पचवायला शिकलेल्या सुरवंटाला दुसऱ्या कुळाच्या झाडाचे विष पचत नाही. म्हणून अंडी कुठे घालायची ही मादीच्या आयुष्यातली सर्वांत मोठी निवड ठरते.

ती निवड बघायची असेल तर टाकळ्याजवळ उभे राहावे. कोकणात पहिल्या पावसाबरोबर ज्याची कोवळी पाने खुडून ओल्या खोबऱ्याबरोबर भाजी करतात, तोच हा टाकळा. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच्यावर ‘कॉमन ग्रास यलो’ हे लहान पिवळे फुलपाखरू घिरट्या घालत असते. मादी एका पानावर टेकते, पुढचे पाय पानावर भराभर आपटते आणि उडून जाते. पुन्हा दुसरे पान, पुन्हा तेच. पायांवर चव ओळखणारे सूक्ष्म केस असतात. ती पायांनी पान चाखते आहे. गवत आणि अंबुशीवरून ती अशीच पुढे जाते. टाकळ्याचे पान पटले की पोटाचे टोक वाकवून एक अंडे चिकटवते. पांढुरके, दोन्ही टोकांना निमुळते, पानावर उभे. अंड्यातून निघणारा हिरवा सुरवंट पानाच्या मधल्या शिरेला इतका चिकटून पडतो की झाड हलवून पाहिले तरी दिसत नाही. पालिकेचा माणूस कोयता घेऊन येतो तेव्हा त्यालाही तो दिसत नाही.

कुठला सुरवंट काय खातो हे आपल्याला कळले त्याचे बरेचसे श्रेय मुंबई इलाख्यातल्या काही हौशी सरकारी नोकरांना जाते. ई. एच. एटकिन साताऱ्यात १८५१ साली जन्मले, मीठ आणि जकात खात्यात नोकरी केली आणि १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पहिल्या सभासदांपैकी ते एक. कारवारकडे नेमणूक असताना ते, डेव्हिडसन नावाचे सनदी अधिकारी आणि वनखात्यातले टी. आर. बेल यांना सुरवंट पाळायचा नाद लागला. झुडपावरून सुरवंट आणायचा, त्याच झाडाची ताजी पाने रोज घालायची, कोष होऊन फुलपाखरू बाहेर येईपर्यंत वाट बघायची आणि सगळे नोंदवून ठेवायचे. सोसायटीच्या नियतकालिकात बेल यांची मैदानी फुलपाखरांवरची लेखमाला १९०९ ते १९२७ अशी चालली. आज मोबाइलवर फोटो टाकून नाव मिळते, पण त्या फुलपाखराचे झाड कोणते या प्रश्नाचे उत्तर अजूनही पुष्कळदा त्या जुन्या टिपणांपाशीच येऊन थांबते.

आता खास काठाची मंडळी. भारतात पॅन्सी गटातली सहा फुलपाखरे सर्रास दिसतात, त्यांपैकी दोघांचा ओलीशी संबंध घट्ट आहे. ‘ग्रे पॅन्सी’ फिकट राखाडी, पंखांवर ठिपक्यांची ओळ. ‘पीकॉक पॅन्सी’ नारिंगी, मागच्या पंखांवर मोराच्या पिसासारखा मोठा डोळा. दोघांच्या सुरवंटांना तालीमखाना लागतो. पीकॉकला जलपिंपळीही चालते. म्हणजे ज्या काठावर ही दोन झाडे नाहीत तिथे ही फुलपाखरे फुलावर आली तरी पाहुणी म्हणून येतात, घर करत नाहीत. तालीमखान्याच्या काट्यांमुळे गुरे त्याला तोंड लावत नाहीत, त्यामुळे त्यावरचा काळा काटेरी सुरवंटही आयताच वाचतो.

पीकॉक पॅन्सीची एक गंमत तर तलावाच्या वेळापत्रकाशी जुळलेली आहे. पावसाळ्यात जन्मलेल्या पिढीच्या पंखांच्या खालच्या बाजूलाही स्पष्ट डोळे असतात आणि पंखांच्या कडा गोलसर. पाऊस संपल्यावर जन्मलेली पिढी पंख मिटून बसली की वाळके पान. खालचे डोळे गायब, मधोमध पानाच्या शिरेसारखी रेघ, पंखांची टोके अणकुचीदार. जात तीच, आई-बाप तेच. सुरवंट वाढत असताना हवा किती उबदार आहे, दिवस केवढा आहे यावरून पुढचा पोशाख ठरतो. पावसाळ्यात सगळे हिरवे असताना डोळे दाखवून पक्ष्याला चकवता येते, हल्ला पंखाच्या कडेवर निभावतो. जानेवारीत काठावरचे सगळे वाळून तपकिरी झाले की गप्प बसून पाचोळ्यात मिसळण्यात शहाणपण. भाताच्या खाचरात आणि तलावकाठच्या गवतात वाढणारे ‘ईव्हनिंग ब्राउन’ हे संध्याकाळी उडणारे फुलपाखरूही हीच युक्ती करते.

भुरुंडीची गोष्ट मला सर्वांत आवडते, कारण इथे फुलपाखरू फुलासाठी येत नाही आणि अंडी घालायलाही येत नाही. पाणी ओसरल्यावर भुरुंडी वाढते, फुलते, मग उन्हाने सुकू लागते. सुकलेल्या, मोडलेल्या फांदीवर दुपारी ‘ब्लू टायगर’, ‘प्लेन टायगर’, ‘कॉमन क्रो’ यांचे घोळके जमतात. नीट पाहिले तर जवळजवळ सगळे नर. ते पायांनी वाळकी साल खरवडतात, सोंडेतून थेंबभर लाळ सोडतात आणि विरघळलेला रस परत ओढून घेतात. भुरुंडीत कडू अल्कलॉइडे असतात, तीच त्यांना हवी असतात. नराच्या पोटाच्या टोकाशी केसांचे दोन झुबके लपलेले असतात. या कच्च्या मालापासून तयार झालेला गंध त्या झुबक्यांतून मादीपुढे फवारला जातो. हा गंध नसेल तर नराचे लग्न जुळणे कठीण. शिवाय मीलनाच्या वेळी नर या कडू द्रव्याचा वाटा मादीला देतो आणि तो तिच्या अंड्यांपर्यंत पोहोचून त्यांचे रक्षण करतो. खुळखुळ्याच्या झाडांवरही हाच कार्यक्रम चालतो. ‘वाळलेले तण’ म्हणून काठावरून उचलून जाळले जाते ते हे.

रुईकडे यायला हवे, कारण शनिवारी मारुतीला तिच्या पानांची माळ घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी पान उलटे करून पाहिलेले असते. पान तोडले की पांढरा चीक भळाभळा येतो. तो विषारी, त्यातून हवा लागताच घट्ट होणारा; लहान सुरवंटाचे तोंड त्यात चिकटून बसू शकते. प्लेन टायगरच्या सुरवंटाने यावर उपाय शोधला आहे. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, पिवळे ठिपके आणि पाठीवर तीन जोड्या काळ्या तंतूंचा हा सुरवंट खायला बसण्याआधी पानाची मुख्य शीर कुरतडून ठेवतो. चीक तिथेच ओघळून जातो, पुढचा भाग कोरडा पडतो, मग तो निवांत खातो. एखादे रुईचे पान मानेत मोडल्यासारखे लोंबताना दिसले तर खाली वाकून बघा. बहुतेक वेळा मालक घरातच असतो. झाडाचा कडूपणा घेऊन मोठे झालेले नारिंगी फुलपाखरू रमतगमत उडते. एकदा त्याची चव घेतलेला पक्षी दुसऱ्यांदा त्या रंगाच्या वाटेला जात नाही.

या दराऱ्याचा फायदा दुसरेच घेतात. ‘डॅनेइड एगफ्लाय’ची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते, उडण्याची ढबही तीच. पण तिचा सुरवंट वाढतो घोळीवर, म्हणजे आपण खातो त्या निरुपद्रवी भाजीवर. नर मात्र काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. काठावर रुई आणि घोळ दोन्ही असतील तरच हे नाटक जमते: नक्कल करणारी असून भागत नाही, अस्सलही आसपास हवा.

नकलेचा याहून गुंतागुंतीचा खेळ ‘कॉमन मॉरमॉन’ खेळते. कढीपत्ता आणि लिंबावर वाढणारे हे फुलपाखरू मुंबईच्या गच्चीतही सापडते. त्याच्या माद्या एकाच जातीच्या असूनही तीन तऱ्हांच्या असतात: एक नरासारखी, दुसरी ‘कॉमन रोझ’सारखी, तिसरी ‘क्रिमझन रोझ’सारखी. दोन्ही रोझ विषारी, कारण त्यांचे सुरवंट सापसंदाची वेल खातात. एका जातीत तीन रूपे टिकून कशी राहतात, मधलीअधली रूपे का निपजत नाहीत, हे कोडे फार जुने होते. ‘एका रानवेड्याची शोधयात्रा’ हे पुस्तक लिहिणारे कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की हा सारा बदल ‘डबलसेक्स’ या एका जनुकाच्या हाती आहे. नर-मादी भेद घडवणाऱ्या जनुकालाच उत्क्रांतीने हे जादा काम दिले.

काठ सोडून जंगलाकडे चढलात की यादी लांबते, मी ती थोडक्यात देतो. ओढ्याकाठच्या वायवर्ण्यावर ‘ग्रेट ऑरेंज टिप’. उंबर-वडावर कॉमन क्रो. आंब्याच्या बांडगुळावर ‘जेझेबेल’. माकडलिंबावर ‘ब्लू मॉरमॉन’ म्हणजे नीलवंत, ज्याला २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखराचा मान दिला. कारवीवर ‘चॉकलेट पॅन्सी’ आणि ‘ब्लू ओकलीफ’. कारवी फुलते आठ वर्षांतून एकदा, पण सुरवंटाला फुलाशी देणेघेणे नाही; पाने दर पावसाळ्यात मिळतात तेवढे पुरे. तुळशीच्या बाजूला हे सगळे एकमेकांना लागून आहे, म्हणून तिथे श्रीमंती आहे. पवईच्या वाट्याला त्यातले तुकडे आले.

तलावाची आणखी एक देणगी म्हणजे उघडा ओला चिखल. पाऊस उघडला की काठावरच्या ओलसर मातीत ‘इमिग्रंट’, ‘गल’, ‘ब्लूबॉटल’ अशी फुलपाखरे पंख मिटून दाटीने बसतात. अभ्यासक याला चिखलपान म्हणतात. पानांत आणि मधात सोडियम अगदी थोडा असतो. तो मातीतून शोषून घ्यायला बहुतेक नरच येतात आणि तोही शेवटी मीलनाच्या वेळी मादीला आहेर म्हणून जातो. दगडी पिचिंग केलेल्या किंवा काँक्रीटच्या काठावर ही सोय उरत नाही.

परक्या झाडांबद्दल बोलताना लोक पटकन बाजू घेतात. मला वाटते झाडाचे मूळ गाव विचारण्यापेक्षा त्याचे नातेवाईक विचारावेत. हळदीकुंकू अमेरिकेतले, पण ते रुईच्या गोतावळ्यातले, म्हणून प्लेन टायगरने ते स्वीकारले. एरंड आफ्रिकेतला, पण त्याचे भाऊबंद इथल्या रानातही आहेत, म्हणून ‘कॉमन कॅस्टर’ त्यावर सुखाने नांदते. उलट जलपर्णी, बेशरम आणि घाणेरी यांच्या पानांना इथले सुरवंट जवळपास विचारत नाहीत. घाणेरीच्या फुलांवर फुलपाखरांची झुंबड असते हे खरे. तिला फुलपाखरांचे झाड म्हणणे मात्र चूक. ती जेवायला घालते आणि पाळणाघर बंद करते, कारण तिच्या खाली दुसरे काही उगवत नाही. जलपर्णीचे दुखणे याहून मोठे. सांडपाण्याच्या खतावर ती पोसते, पाण्याबरोबर काठापर्यंत पसरते आणि पाणी उतरले की गाळावर तिचा कुजका थर बसतो. त्या थराखाली जलपिंपळीला डोके वर काढता येत नाही. यंत्र लावून जलपर्णी दर वर्षी काढता येते. नाल्याचे पाणी थांबल्याशिवाय ती संपणार नाही.

पण काठाचा सर्वांत मोठा शत्रू जलपर्णी नाही, सुशोभीकरण आहे. पवईच्या काठाने सायकल आणि जॉगिंगसाठी मार्ग बांधायला महापालिकेने सुरुवात केली तेव्हा सांगितले गेले की बांधकाम दगड भरलेल्या जाळ्यांचे, गॅबियन पद्धतीचे आहे, त्यातून पाणी झिरपेल. पाणी झिरपेलही. पण दगडाखाली तालीमखाना उगवत नाही. प्रकरण न्यायालयात गेले आणि मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे काम बेकायदा ठरवले, केलेले बांधकाम काढून जागा पूर्ववत करायला सांगितले. हा निकाल पाणथळ जमिनीच्या नियमांच्या आधारे आला. फुलपाखरांचे भले झाले ते ओघाने.

अशी योजना तुमच्या गावच्या तलावावरही येईल. आराखड्यात लॉन असेल, कारंजे असेल, आणि बहुतेक एक ‘फुलपाखरू उद्यान’ही असेल, ज्यात एक्झोरा आणि घाणेरीच्या रंगीत जाती ओळीने लावलेल्या असतील. आराखडा बघायला मिळाला तर एकच प्रश्न विचारा: पावसाळ्यातली पाण्याची रेषा आणि उन्हाळ्यातली रेषा यांच्या मधल्या जमिनीचे तुम्ही काय करणार? उत्तर ‘काही नाही’ असे आले तर योजना चांगली आहे. फिरायचा रस्ता हवाच असेल तर तो वरच्या रेषेच्या बाहेरून जाऊ द्या. टाकळा आणि गवत दिवाळीपर्यंत कापू नका, सुकलेली भुरुंडी जाळू नका, रुई कुंपणाला राहू द्या. लावायचेच असेल तर वायवर्णा, माकडलिंबू, सापसंद आणि कढीपत्ता लावा. आणि पुढच्या वर्षी जुलैत टाकळ्याची भाजी खुडायला गेलात तर शेंडे खुडा, झाड उपटू नका. खुडलेली पाने पिशवीत टाकण्याआधी एकदा उलटून पाहा.